ग्रीस देशाचे पशुधन पर्यवेक्षक

ग्रीस देशात जनावरांचा एकही दवाखाना नव्हता, हे आमच्या ताईच्या सासऱ्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आहे. दुःखं सगळ्यांनाच असतात. कुणाचं लेकरू नोकरीला लागत नाही, कुणाच्या बोअरला पाणी लागत नाही. पण हजारो वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडच्या मुलखात, तीन डोक्यांच्या एका कुत्र्याला वेळेवर जंताचं औषध मिळालं नाही म्हणून अहमदपुरात ओट्यावर बसून हळहळणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. नोकरीत ते पशुधन पर्यवेक्षक होते. म्हणजे कागदोपत्री डॉक्टर नव्हेत. पण कंधार आणि अहमदपूर या दोन तालुक्यांतल्या गायी-म्हशींनी त्यांना कधी पदवी विचारली नाही, त्यामुळे सगळा मुलूख त्यांना डॉक्टरच म्हणतो. मी सुनेचा भाऊ, म्हणून मी त्यांना मामा म्हणतो आणि ते मला पाहुणे म्हणतात. बारा वर्षं झाली, त्यांच्या घरी दिवसाआड चहा पितो, तरी मी पाहुणाच आहे.

ही ग्रीक जनावरं त्यांच्या आयुष्यात आली ती नांदेडच्या एका रद्दीवाल्याकडून. लसीकरणाच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला ते नांदेडला गेले होते. दुपारचं भाषण लांबलं म्हणून बाहेर सटकले, तर रद्दीच्या ढिगात पुठ्ठा नसलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक दिसलं, पानोपानी चित्रं. त्यांना वाटलं, परदेशी जातींच्या गुरांची माहिती असेल. उघडलं तर पहिल्याच चित्रात वरून माणूस आणि खालून घोडा असं एक जनावर उभं. दुसरा कुणी हसला असता आणि पुस्तक परत ढिगात टाकलं असतं. मामांनी मात्र तिथेच उभ्या उभ्या विचार केला, की याला ताप आला तर सुई दंडात द्यायची की मानेत? छातीचे ठोके ऐकायचे तर कोणत्या छातीचे? या प्रश्नांची उत्तरं त्यांना अजून मिळालेली नाहीत आणि ती मिळाल्याशिवाय आपण मरणार नाही अशी त्यांची ठाम समजूत आहे. डिक्शनरी जवळ घेऊन त्यांनी ते पुस्तक तीन वर्षांत वाचून काढलं. आता ते मोबाइलवर उरलेलं वाचतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बाजारातून दवाखान्यातल्यासारखंच लांबडं रजिस्टर आणलं, पट्टीनं रकाने आखले आणि एकेक ग्रीक जनावर रीतसर नोंदवायला घेतलं. मालकाचं नाव, जनावराचं वर्णन, लक्षणं, उपचार, शेरा. तीन डोक्यांचा कुत्रा सर्बेरस, मालक पाताळाचे धनी, काम दारावर राखण. रेबीजची लस, मात्रा एकच, कारण डोकी तीन असली तरी रक्त एक. शेरा: सुई देताना धरायला माणसं मात्र तीन लागतील. किमेरा म्हणून एक प्रकार आहे, पुढून सिंह, मधोमध बकरी, मागून साप आणि तोंडातून जाळ. लोकांना तो जाळ राक्षसी वाटला. मामांनी लक्षणांच्या रकान्यात 'जुनाट आम्लपित्त' लिहिलं आणि शेऱ्यात जोडलं की सिंहाच्या तोंडानं मटण खाल्लं तर बकरीच्या पोटाला सोसणार कसं, आहार ताबडतोब बदलावा. हायड्रा नावाचा पाण्यातला साप, त्याचं एक डोकं कापलं की दोन उगवतात. उपचाराच्या जागी ठळक अक्षरात 'शस्त्रक्रिया करू नये'. केसांच्या ठिकाणी साप असलेल्या मेडुसाबाईंपाशी ते चार दिवस अडले होते. शेवटी साप आपल्या खात्यात आणि बाई आरोग्य खात्यात, सबब पत्रव्यवहार करावा, असं लिहून त्यांनी पान उलटलं. मामी हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत असतात. त्या एवढंच म्हणतात, "त्या परदेशी जनावरांपायी माझी एक शेळी उपाशी राहून राहिली, तिचं बी लिहा कुठं तरी."

ताईचं लग्नसुद्धा याच ग्रीक खात्यानं जमवलं. मुलगी बघायला सात-आठ माणसं आमच्या घरी आली होती. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं, आणि आता मुलाच्या वडिलांनी एखादा प्रश्न विचारावा म्हणून सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मामांनी बशी खाली ठेवली आणि गंभीरपणे विचारलं, "पोरी, दारात तीन तोंडांचं कुत्रं असलं, तर भाकरी कशी टाकशील?" माझ्या वडिलांचा चेहरा उतरला. मला तर वाटलं, मुलाच्या घरात वेडाचा आजार आहे आणि मध्यस्थानं तो लपवला. पण ताईनं खाली बघूनच उत्तर दिलं, "तीन तुकडे करून तिघांना एकदमच टाकीन. न्हाईतर आपसांत भांडतील आणि पोट तर एकच हाय." मामा जागेवरून उठले आणि म्हणाले, "आमच्याकडून पक्कं." मुलानं अजून मुलीकडे नीट पाहिलंही नव्हतं.

बाजार पटांगणाशेजारी बैलांना नाल ठोकणारे एक चाचा आहेत. त्यांचे वडील, आजे, सगळे नालबंदच. मामांचे ते एकमेव सल्लागार. बैलाला आडवा पाडून, पाय बांधून चाचा खुरावर काम करत असतात आणि मामा बाजूच्या पाण्याच्या टाकीवर बसून पेगॅसस या पंखवाल्या घोड्याची अडचण मांडत असतात. चाचा तोंडातला खिळा काढून शांतपणे म्हणतात, "डॉक्टरसाब, जे जनावर जमिनीला टेकतच न्हाई, त्याला नाल कायकू?" मामा म्हणतात, "उतरताना तर टेकतंय ना!" चाचा यावर दोन बैल होईपर्यंत विचार करतात. मग म्हणतात, "तो फिर पुढच्या दोन पायाला ठोकू. मागचे राहू द्या." असा एकेक निकाल लागला की मामा खिशातून कागद काढून टिपून घेतात. या दोघांना मी कधीही एकमेकांची थट्टा करताना पाहिलेलं नाही. थट्टा करायला मी होतोच.

माझं एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. मामा मंगळवारी येतात, कारण मंगळवारी गर्दी कमी असते असं त्यांचं मत आहे. ते आल्यानंतर ती वाढते. त्यांना रजिस्टरला चिकटवायला रंगीत चित्रं छापून हवी असतात, आणि ग्रिफिनच्या, म्हणजे गरुडाचं डोकं असलेल्या सिंहाच्या, नखांचा रंग किंचित फिका आला तरी ते परत छापायला लावतात. मागे लोक सातबारा आणि जातीचे दाखले धरून उभे. एकदा त्या रांगेतल्या एका शेतकऱ्यानं खांद्यावरून वाकून किमेराचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही मधली बकरी दूध देती का हो?" मामांचे डोळे चमकले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांच्याही डोक्यात आला नव्हता. त्यांनी त्या माणसाला हाताला धरून समोरच्या हॉटेलात नेलं, आणि त्याचा सातबारा दिवसभर माझ्या मशीनवर पडून राहिला.

एका गोष्टीचा मात्र त्यांना खरा राग होता. त्या ग्रीक गोष्टींच्या शेवटी बहुतेक वेळा कुणी तरी तलवार घेऊन येतो, जनावर मारतो आणि त्याचा सत्कार होतो. त्या वीरांची नावंही मामा घेत नाहीत, नुसतं 'ते तलवारवाले' म्हणतात. "सगळे मारायलाच आले, पाहुणे," ते म्हणत. "ताप बघायला एक तरी आला का?" मी यावर हसत असे. निवृत्त माणसाला काही तरी नाद लागतोच. कुणाला भजनाचा लागतो, यांना हा लागला, एवढंच मला वाटायचं. मागच्या श्रावणात मला माझ्या त्या हसण्याची लाज वाटली.

श्रावणातला सोमवार होता, सकाळची वेळ. मामांचा फोन आला, "पाहुणे, गाडी काढा." कंधार रस्त्याच्या आतल्या एका खेड्यात बसलिंगआप्पा म्हणून त्यांचे जुने ओळखीचे शेतकरी आहेत. आदल्या दिवशी सांजेला त्यांची गाय व्याली आणि वासराला खांद्यावर एक पाचवा पाय होता, लहानसा, लोंबता. सकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ आमच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांपर्यंत येऊन पोचला होता. मामांचे गुडघे धरतात, म्हणून ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसतात आणि एरवी वाटेतल्या प्रत्येक म्हशीच्या तब्येतीवर बोलतात. त्या दिवशी म्हशी तशाच मागे पडत गेल्या. बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चोवीस वर्षांचा होतो मी. नोकरी नवीन. असंच एका खेड्यात दोन तोंडांचं वासरू जन्मलं. लोक म्हणले अपशकुन हाय, सुई द्या. आणि दिली मी. चांगलं श्वास घेत होतं ते, पाहुणे. दोन्ही तोंडांनी माझा हात चाटला त्यानं." मी गाडी हळू केली. मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही. ते म्हणाले, "हळू कामून चालवून राहिलात? चला लवकर. हे तरी वाचलं पाहिजे."

गावात पोचलो तर आप्पांच्या दारात मांडव. आप्पांचं घर शिवभक्त, त्यात श्रावणी सोमवार, आणि वासरू खोंड, म्हणजे गोऱ्हा. मग तो नंदीच, यात कुणाला शंका नव्हती. वासराला नव्या धोतरावर बसवलं होतं, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात माळा, पाठीवर बेलाची पानं. येणारी बाई-माणसं त्याच्या तोंडाला केळ्याचा तुकडा, गूळ, नारळाचं पाणी लावत होती. गाय लोकांच्या अंगावर धावली म्हणून तिला मागच्या गोठ्यात बांधली होती आणि तिचा हंबरडा मांडवापर्यंत येत होता. आम्हाला कुणी तरी द्रोणात खरवस आणून दिला. मामांनी द्रोणाकडे पाहिलं आणि विचारलं, "हा चीक कुठला?" आणणारा कौतुकानं म्हणाला, "नंदीच्या मायचाच की. समद्या गावाला प्रसाद केलाय." व्यालेल्या गाईचा पहिला चीक हेच वासराचं खरं औषध, तो सगळ्या गावाला मिळाला होता, एका वासराला सोडून.

मामा खाली बसले आणि वासराच्या तोंडात बोट घातलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तोंड गार पडलंय. चोखतसुद्धा न्हाई." मग उठून मोठ्यानं म्हणाले, की माळा काढा, गर्दी हटवा, याला मायपाशी न्या, दुपारपर्यंत हातात वेळ आहे, नंतर न्हाई. कुणी हललं नाही. एक तरुण गडी म्हणाला, "डॉक्टर, हा नंदी हाय. तुमच्या सुईचं काम न्हाई हितं." मामा म्हणाले, "हे वासरू हाय." त्यावर लोक चिडले. आप्पा बिचारे मधल्या मध्ये अडकले. गावाला नाही म्हणायची त्यांच्यात हिंमत नव्हती. मला वाटलं, आता मामा आवाज चढवणार आणि आम्हाला परत जावं लागणार.

पण मामा वासराशेजारी मांडी घालून बसले आणि गोष्ट सांगू लागले. "एक बेट होतं," ते म्हणाले, "समुद्रातलं. तिथल्या राणीला लेकरू झालं. अंग माणसाचं, डोकं बैलाचं. राजाला लाज वाटली. त्यानं असं घर बांधलं की आत गेलं की बाहेरची वाट सापडत न्हाई, आणि लेकरू आत सोडून दिलं. कुणी त्याला भ्यालं, कुणी त्याच्या नावानं बळी पाठवले. पण हे काय खातंय, ह्याचं काय दुखतंय, हे कुणी इचारलं न्हाई. शेवटी एक तलवारवाला आला आणि मारून गेला." दोन-चार पोरं हसली. एकानं विचारलं, "हे कोणत्या गावचं, डॉक्टर?" मला तर मान वर करवेना. आयुष्यभर माणूस ज्या गोष्टींत रमला, त्या त्यानं अशा जागी मांडाव्यात आणि लोकांनी हसावं, हे मला बघवत नव्हतं.

मांडवाच्या कोपऱ्यात आप्पांची आई बसल्या होत्या, गौराबाई, सत्तरीच्या पुढच्या. सकाळपासून त्याच कुंकू लावून वासरू दाखवत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आन् त्याच्या मायनं काय केलं? पाजलं का न्हाई त्याला?"

मामांनी शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला, चष्मा चढवला आणि काही तरी शोधू लागले. मांडव थांबला. सापडल्यावर ते गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि फोन गौराबाईंसमोर धरला. मीही वाकून पाहिलं. कुठल्या तरी जुन्या मातीच्या भांड्यावरचं चित्र होतं. एक बाई बसलेली, आणि तिच्या मांडीवर बैलाच्या डोक्याचं एवढंसं लेकरू. लेकरू तिच्याकडे वळलेलं आणि तिचा हात त्याच्या पाठीला. तलवार नाही, राजा नाही. एवढी चित्रं मामांनी माझ्याकडून छापून नेली, पण हे कधी आणलं नव्हतं. "लिहिणारांनी पाजल्याचं लिहिलं न्हाई, बाई," मामा म्हणाले. "पण कुणी तरी बघून हे काढलंय."

गौराबाईंनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. "मांडीवर घेतलंय की वो तिनं," त्या म्हणाल्या. "मायला काय, कसं का असंना." मग फोन मामांना दिला, उठल्या, आणि स्वतः घातलेली माळ स्वतःच्या हातानं वासराच्या गळ्यातून काढली. "आप्पा, गाय सोड," त्या म्हणाल्या. मघाचा तरुण गडी पुढे आला, "आजी, नंदी हाय तो." गौराबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नंदी असू दे न्हाईतर आन् कुणी. लेकरू उपाशी हाय माझ्या दारात. हटा समदे."

गाय सुटली आणि मांडव आपोआप मोकळा झाला. देवाला न भिणारी माणसंही शिंगांना भितात. ती वासरापाशी येऊन त्याला जोरजोरानं चाटू लागली, विभूती, कुंकू, सगळं चाटून काढलं. वासरू काही उठेना. मामांनी एका भांड्यात थोडा चीक पिळून घेतला, बोट बुडवून त्याच्या तोंडात घातलं, परत बुडवलं, परत घातलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एकाएकी मामांनी "हाव!" म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडून माझा दंड धरला की मीच दचकलो. "चोखून राहिलं, पाहुणे! चोखून राहिलं!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी माझा रुमाल काढून त्यांचे डोळे पुसले. सोयऱ्याच्या नात्यात हे बसतं की नाही, माहीत नाही.

पुढचे महिने मामा दर आठवड्याला त्या खेड्यात जात राहिले. पाचव्या पायाचं काय करायचं, काढायचा का, असं आप्पांनी विचारलं, तेव्हा त्यांनी तो पाय नीट चाचपून पाहिला आणि म्हणाले, "त्याला त्याचा त्रास न्हाई. मग आपल्याला कामून असावा?" सुरुवातीला लांबून लोक बघायला यायचे. गौराबाई त्यांना ताक द्यायच्या आणि वासरू दूध पीत असलं तर बाहेर बसवून ठेवायच्या. हळूहळू येणारे कमी झाले.

यंदाच्या पोळ्याला आप्पांनी आम्हाला जेवायला बोलावलं. गावच्या वेशीत तोरणाखाली बैलांची रांग लागली होती, शिंगांना रंग, अंगावर झुली, वाजंत्री. मोठ्या बैलांच्या मागे आप्पांचा तो गोऱ्हा उभा होता, वर्षाचा, तांबूस, नुकत्या फुटलेल्या शिंगांना थोडासा रंग लावलेला. पाचवा पाय खांद्यावर तसाच लोंबत होता. बाया ताट घेऊन आल्या, एकेका बैलाला ओवाळत पुढे सरकल्या, गोऱ्ह्यालाही ओवाळलं आणि पुढच्याकडे गेल्या. पोरं फुग्यांच्या मागे होती. मघाशी आलेला लातूरचा एक पाहुणा मोबाइलवर फोटो काढत होता, तोही आप्पांच्या मोठ्या पांढऱ्या बैलाचा. मामा माझ्याजवळ सरकले आणि खुशीत, अगदी हळू म्हणाले, "कुणी बघून न्हाई राहिलं, पाहुणे." मी इकडेतिकडे पाहिलं. खरंच कुणी बघत नव्हतं. इतकी वर्षं त्या सगळ्या ग्रीक जनावरांसाठी त्यांना काय हवं होतं, ते मला त्या वेशीत उभं राहून समजलं.

मग ते पुरणपोळीचं ताट घेऊन रांगेत शिरले. प्रत्येक बैलाला एक घास, पाठीवर एक थाप आणि पुढचा बैल. गोऱ्ह्यालाही तसाच एक घास दिला, थाप मारली, क्षणभरसुद्धा जास्त न थांबता पुढे गेले. दोन बैल ओलांडल्यावर मात्र ताट हातात धरून ते थांबले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. त्या भरल्या वेशीत त्याच्याकडे वळून पाहणारा तो एकच माणूस होता.